चहादाणीखालची जागा

आमच्याकडे टेबलक्लॉथ म्हणजे तो एकच;
बाकीची सगळी फडकी.
बारा माणसांचा, पांढऱ्यावर पांढरा,
उजेड तिरका पडला तरच दिसणारी
शॅमरॉकच्या पानांची वेल,
आणि मधोमध, वीतभर जागेत,
वेल चुकलेली.

आईच्या टिलीमावशीने तो गिरणीतून
निम्म्या दामात आणला होता.
बाराव्या वर्षापासून ती तिथे,
ओल्या फरशीवर अनवाणी, अळशीचं सूत काढत.
माग शेजारच्या इमारतीत.
चुकलेला माल कामगारांना मिळे.
म्हणायची, "चार वाजता कुणाचा तरी हात थकला असेल गं,
त्याचं काय एवढं."

ऑगस्टातल्या एखाद्या शनिवारी
(रविवार देवाचा; रविवारी किटलीसुद्धा हळू बोले)
आम्ही टायरेलाच्या किनाऱ्यावर जायचो.
बाबांची मॉरिस थेट वाळूवर,
वाऱ्याला पाठ देऊन उभी.
थर्मासमधल्या चहाला आई चहा म्हणत नसे.
म्हणून स्टोव्ह, म्हणून किटली,
म्हणून सहा कपबशा
गेल्या महिन्याच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.
एकेक कप सोडवताना आई वाचत बसायची:
"अगंबाई, बॅनब्रिजचा विली मॅकिल्व्हीन गेला की!"
आणि चहा लांबायचा.

चार कोपऱ्यांवर चार दगड,
ते निवडायचं काम वेस्लीचं.
चुकीवर चहादाणी.
हे कुणी कुणाला सांगावं लागत नसे.
समोर पाहुणा कोण, तर समुद्र;
त्यालाही आईने
ती जागा दिसू दिली नाही.

अंड्याच्या सँडविचात वाळू कचकचायची.
बाबा बशीत ओतून फुर्र करून प्यायचे.
"सॅम्युएल!"
बाबा मोर्नच्या डोंगरांकडे बघत राहायचे,
जणू आवाज तिकडूनच आला.

सहावा कप भरतीने नेला, एकोणसाठ साली.
आयरिसने त्यात खेकडा पाळला होता.

आणि तो बीटचा डाग.
आईने मीठ चोळलं, दूध लावलं,
तीन रात्री गवतावर दवात पसरून ठेवला.
डाग फिका झाला, गेला नाही.
"कुणी सांडलं?"
आम्ही तिघांनी समुद्राकडे बघितलं.
तिने पुन्हा विचारलं नाही.

आई शहाण्णवाची होऊन गेली.
कपाट उघडलं त्या दिवशी
वेस्ली ओंटारियोहून फोनच्या पडद्यात,
आयरिस आपला गुडघा घेऊन हजर.
चांदीचे चमचे, भिंतीवरचं घड्याळ, बागेतला बाक,
कशावरून एक शब्द नाही.
मग ही घडी उलगडली
आणि वेस्ली म्हणाला, "ऐका, तो डाग माझा."
आयरिस म्हणाली, "काहीतरीच! माझा.
साठ वर्षं तोंड मिटून बसलेय मी."
मी म्हणाले, बरणीचं झाकण माझ्या हातात होतं.
भांडलो. खरंच भांडलो.
तिकडे वेस्लीच्या घरी रात्र झाली,
त्याच्या बायकोने मागून विचारलं, कोण गेलं?

ठरलं काहीच नाही. तोवर राहू दे हेझलकडे,
म्हणजे माझ्याकडे.

आज इस्त्री केली.
ओलसर असतानाच करावी लागते,
एकदा वाळलं की लिनन ऐकत नाही.
पसरला. कुणी यायचं नव्हतं.
चहादाणी उचलली,
हात आपोआप मधोमध गेला.
मी तो जरासा डावीकडे वळवला.

वेल येते, येते,
आणि एका पानाच्या देठाशी थांबते.
पलीकडे पुन्हा सुरू होते, काही न घडल्यासारखी.
मधे मी बोट ठेवलं.
बाकीच्या कापडाहून तिथे
कापड जास्त पांढरं आहे;
ऊन तिथे कधी पडलंच नाही.

चार वाजले होते.
मी बशीत ओतला.
कुणी हाक मारली नाही,
म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने,
फुर्र केलं.